पुणे ते कन्याकुमारी सायकलवर: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

कॉलेजात असताना किंवा नोकरीला नुकतंच लागल्यावर पहिला मोठा पल्ला म्हणून पुण्याकडची मुलं-मुली कन्याकुमारीच निवडतात, आणि निवड चुकीची नाही. अंतर साधारण 1,550 किलोमीटर. रस्ता जवळजवळ सगळा महामार्ग, वाटेत दर वीस-पंचवीस किलोमीटरला चहा, पाणी, पंक्चरवाला. विरळ हवा नाही, परवाने नाहीत, तंबू नको. एवढं सगळं सोयीचं असूनही लोक हुबळीहून किंवा बंगळूरहून बस धरून परत येतात. पायात ताकद नव्हती म्हणून क्वचितच. बसायची जागा सोललेली असते, गुडघा धरलेला असतो, नाहीतर पहिल्या तीन दिवसांत मारलेल्या फुशारकीचं बिल पाचव्या दिवशी येतं.

म्हणून सुरुवातीलाच एक हिशेब डोक्यात पक्का बसवा. एका दिवसात 150 किलोमीटर मारणं हे एक काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच दुखऱ्या जागेवर परत बसून 90 मारणं, आणि असं सतरा दिवस करणं, हे अगदी वेगळं काम आहे. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पुरं करायच्या राइडमध्ये, 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात; ती पूर्ण केली असेल तर उत्तम, पण ती पहिल्या कामाची परीक्षा झाली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये विशीत असताना 159 दिवसांत 29,000 किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, म्हणजे रोज सरासरी 180 च्या वर. तो आकडा वाचून भिंतीवर लावायला हरकत नाही, आपलं वेळापत्रक मात्र त्यावरून आखू नका. आपली सरासरी 90.

कधी निघायचं

आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला की सायकली बाहेर निघतात. तामिळनाडूत तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. नोव्हेंबरात निघालात तर सेलमच्या पुढे रोज भिजाल. ओले मोजे आणि ओली पॅडची (बसायच्या जागी गादी शिवलेली) चड्डी याच्याइतकं वाईट काही नाही. मे ते सप्टेंबर दुसराच त्रास: तिरुनेलवेलीच्या पुढे पश्चिम घाटाच्या खिंडीतून नैऋत्येचा वारा असा येतो की भरल्या पिशव्यांची सायकल आडवी होते. तिथे पवनचक्क्यांचं रान उभं आहे ते उगाच नाही.

उरतात डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. त्यातही दोन गोष्टी सांभाळा. मध्य-नोव्हेंबर ते मध्य-जानेवारी शबरीमलाचा हंगाम असतो आणि अय्यप्पाभक्त परतीच्या वाटेवर कन्याकुमारीला येतात, तेव्हा लॉज भरलेले आणि महाग. शिवाय 14-15 जानेवारीच्या आसपास पोंगल, दुकानं बंद आणि रेल्वेची तिकिटं मिळायची मारामार. संक्रांत घरी करून 17-18 जानेवारीला निघणं सगळ्यात सोयीचं.

सायकल

चांगल्या स्थितीतली हायब्रीड, म्हणजे रोड आणि माउंटन यांच्या मधली सायकल, पुरते. पुढे शॉकअप नको. त्याचं वजन दोन किलो आणि उपयोग शून्य. 700 बाय 35 किंवा 38 चे टायर, मागे कॅरिअर बसवायला चौकटीला भोकं, मागच्या चाकाला निदान 32 स्पोक, आणि सगळ्यात हलका गिअर असा की पिशव्यांसकट खंबाटकी घाट बसून चढता यावा. मागच्या गिअरची सगळ्यात मोठी चकती 32 किंवा 34 दात्यांची असली की चिंता नाही. नवी सायकल घेणार असाल तर निघायच्या आधी किमान तीन महिने घ्या. निघायच्या आठवड्यात नवी सीट, नवे बूट, नवे टायर यांतलं काहीही बसवू नका. अपवाद चेन आणि ब्रेक पॅडचा. तेही बसवून 100 किलोमीटर चालवून बघायचं.

सीटची उंची हा पहिला धडा. भिंतीला टेकून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय गुडघ्यात अगदी सरळ झाला पाहिजे, कंबर न झुकता. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक राहतो. पुढे वाटेत दुखण्यावरून ओळखायचं: गुडघ्याच्या वाटीपुढे दुखतंय तर सीट खाली आहे किंवा गिअर जड लावताय, गुडघ्यामागे ओढ बसतेय तर सीट वर आहे. एका वेळी पाच मिलिमीटरच्या वर हलवू नका, आणि सीटच्या दांड्यावर आधीच्या जागी इन्सुलेशन टेपची पट्टी लावून ठेवा, म्हणजे परत फिरता येतं. सीट सपाट हवी. नाक खाली झुकलं तर सगळं वजन हातांवर येतं आणि करंगळी-अनामिका बधिर होतात; नाक वर असेल तर बधिर काय होईल ते सांगायला नको. तसं झालं तर दुर्लक्ष करायचं नाही. थांबा, सीट किंचित खाली झुकवा, आणि दर दहा मिनिटांनी पायडलवर उभं राहून रक्त फिरू द्या.

सामान: दहा किलोच्या आत

पाठीवर सॅक नको. पाच किलोची सॅकसुद्धा चौथ्या तासाला मानेत आणि बसायच्या जागी उतरते. मागच्या कॅरिअरला दोन बाजूंना दोन पॅनियर, जड वस्तू तळाशी, दोन्ही बाजूंचं वजन सारखं. पॅनियर लावून पायडल मारून बघा. टाच पिशवीला घासत असेल तर पिशवी मागे सरकवा.

कपडे: पॅडच्या चड्ड्या दोन, जर्सी किंवा पटकन सुकणारे टी-शर्ट दोन, संध्याकाळचा एक जोड, पातळ विंडचीटर (बेळगाव, हुबळीकडे जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते), मोजे तीन जोड, चपला. पॅडच्या चड्डीच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. नवखे हमखास घालतात आणि तिची शिवण तिसऱ्या दिवशी कातडी सोलते. रोज निघताना घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली. मुक्कामी पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे ती चड्डी उतरवून अंघोळ, मग चड्डी साबणाने धुऊन पंख्याखाली. जेवण नंतर. ओल्या चड्डीत तासभर गप्पा मारत बसलं की पुळ्या आल्याच. पाळीचे दिवस मोहिमेत येणार असतील तर पॅडच्या चड्डीत सॅनिटरी पॅड सरकतं आणि घासतं. मेन्स्ट्रुअल कप वापरणं सोपं पडतं, पण सवय दोन-तीन महिने आधीपासून हवी.

दुरुस्तीची पिशवी वेगळी आणि वरच्या वर ठेवा: ट्यूब दोन, पंक्चर किट (सोल्युशनची ट्यूब ताजी, एकदा उघडलेली महिन्याभरात आत वाळलेली असते), टायर लिव्हर तीन, हातपंप, चेन तोडणीसह मल्टीटूल, आपल्या चेनच्या गिअरसंख्येला जुळणारे जोडकडीचे दोन संच, मागच्या चाकाचे दोन्ही लांबीचे दोन-दोन स्पोक, ब्रेक पॅडचा जोड, एक गिअर केबल, एक ब्रेक केबल, झिप टाय, इन्सुलेशन टेप, चेन ऑइल, फडका, छोटा चिमटा. आणि गिअर हँगर. सायकल उजव्या बाजूला पडली की मागची गिअर यंत्रणा चौकटीला धरून ठेवणारा हा अंगठ्याएवढा ॲल्युमिनिअमचा तुकडा वाकतो किंवा तुटतो, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आणि चित्रदुर्गात तुमच्या मॉडेलचा मिळणार नाही. पुण्यातूनच घेऊन निघा.

पंक्चर: तारेचा तुकडा शोधणं हेच खरं काम

या रस्त्यावर पंक्चर खिळ्याने कमी आणि तारेने जास्त होतात. ट्रकचे टायर फुटले की त्यांच्या आतल्या पोलादी जाळीचे केसासारखे तुकडे डाव्या कडेला पसरतात, नेमके आपण जिथून जातो तिथे. तुकडा पाच-सहा मिलिमीटरचा, बाहेरून दिसत नाही, हवा हळूहळू जाते. नवखा ट्यूब बदलतो, तार टायरमध्येच राहते आणि दोन किलोमीटरवर नवी ट्यूबही पंक्चर होते. तिथे दोन्ही ट्यूब संपल्या.

क्रम असा ठेवा. रस्त्यापासून लांब, शक्यतो रेलिंगपलीकडे जा. पिशव्या उतरवा. मागचं चाक असेल तर काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा. टायरवरचं कंपनीचं नाव आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह एका रेषेत असेल असा टायर मुळातच बसवलेला असावा. मग ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती लांब आहे ते मोजलं की टायरवर नेमकी जागा सापडते. ट्यूब बाहेर काढून हवा भरा, ओठाजवळ फिरवा; ओठाला गार झुळूक लागते, कानाला ऐकू येत नसली तरी. भोक सापडलं की टायरच्या आत त्या जागी फडका फिरवा. बोट थेट फिरवू नका, तार बोटात जाते. फडका अडकेल तिथे तार. ती बाहेरून ढकलून आत आणा आणि चिमट्याने ओढा. मग उरलेल्या टायरवरही फडका फिरवा, एका तारेला सोबत असते.

भोकावरून कारण ओळखता येतं. एकमेकांशेजारी दोन भोकं, सापाने चावल्यासारखी: हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला: रिम टेप (रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली आहे, ती सरळ केल्याशिवाय दहा ट्यूब बदलल्या तरी उपयोग नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पंप मारताना व्हॉल्व्ह वाकवला जातोय. पॅच लागत नाही, ट्यूब फेका.

हवा 38 च्या टायरला पिशव्यांसकट मागे 65 ते 70 पीएसआय, पुढे 55 ते 60, टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत. छोट्या हातपंपाने 50 च्या वर जाताना दंड भरून येतात, म्हणून पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरवाल्याकडे भरून घ्या. तुमचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा प्रेस्टा असेल तर त्यांची नळी त्यावर बसत नाही. त्यासाठी पितळी अडॅप्टर येतो, शेंगदाण्याएवढा. दोन घ्या आणि एक व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा. कॉम्प्रेसर चालू असताना लक्ष तिथेच हवं, ट्रकच्या सवयीचा माणूस दोन सेकंदांत शंभरावर नेतो.

स्पोक तुटणं त्यामानाने क्वचित. तुटतो तो बहुधा मागच्या चाकाच्या गिअरकडच्या बाजूचा, आणि तिथला बदलायला कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) काढावी लागते, जे रस्त्यावर जमत नाही. तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळून टेपने बांधा, चाक ब्रेकला घासत असेल तर ब्रेक थोडा ढिला करा, मागच्या सामानातलं जड सामान सोबत्याला द्या, आणि हळू हळू पुढच्या मोठ्या गावी. एकामागोमाग दोन तुटले तर चाकच नीट ताणलेलं नाही असं समजा.

तयारीचे बारा आठवडे

आठवड्यात दोन दिवस 25 ते 30 किलोमीटर, आणि शनिवार-रविवार लागोपाठ. सुरुवात 40 अधिक 30 पासून, आठव्या आठवड्यापर्यंत 80 अधिक 70. लागोपाठ हा शब्द महत्त्वाचा. रविवारी सकाळी बसताना जे दुखतं तेच शिकायचं आहे. दहाव्या आठवड्यात पुणे ते पाचगणी आणि दुसऱ्या दिवशी परत, पूर्ण सामान लादून. वाईपुढचा पसरणीचा घाट पिशव्यांसकट चढला आणि सोमवारी जिना नीट उतरता आला की तब्येत तयार आहे. शेवटच्या आठवड्यात फक्त एकदा-दोनदा वीस किलोमीटर, बाकी झोप.

याच काळात पंक्चर घरी बसून पाच वेळा काढा, निदान एकदा अंधारात मोबाइलच्या उजेडात.

टप्पे

पहिले तीन दिवस मुद्दाम आखूड ठेवलेत. अंतरं पाच-सात किलोमीटर इकडेतिकडे धरा.

पुणे–वाई 90, वाई–कराड 87, कराड–कोल्हापूर 72. पहिल्या दिवशी कात्रजचा जुना घाट धरा, खंबाटकीतही घाटरस्त्यानेच जा; बोगद्यात ट्रकच्या धुरात आणि अंधारात सायकल घालायची नाही. पहिल्या दिवशी उत्साहात सगळेच साताऱ्यापर्यंत, काही तर थेट कराडपर्यंत जातात. जाऊ द्या त्यांना.

कोल्हापूर–बेळगाव 110. निपाणीनंतर तवंदी घाट, पुढे वंटमुरीचा चढ. चढ आहेत, भीतीदायक नाहीत. बेळगाव–हुबळी 100, कित्तूर-धारवाडवरून. हुबळी–राणेबेन्नूर 105. राणेबेन्नूर–चित्रदुर्ग 100, वाटेत दावणगेरे. बेण्णे डोसा दोनच खा, लोणी पोटात बसतं. चित्रदुर्गला एक दिवस पूर्ण सुट्टी. किल्ला बघा, पण सगळे बुरूज चढायचा हट्ट नको, पायांना सुट्टी दिलेली आहे.

चित्रदुर्ग–शिरा 80, शिरा–नेलमंगल 95. तुमकूरजवळ क्यातसंद्रला तट्टे इडली मिळते, ताटलीएवढी; सायकलस्वाराला याहून चांगला नाश्ता नाही. बंगळूर शहरात मुक्काम करू नका. नेलमंगलला झोपा, पहाटे पाचला दिवे लावून निघा आणि सात-साडेसातच्या आत शहराच्या दक्षिण टोकाला पोहोचा. उड्डाणपुलांवर चढू नका, खालचा रस्ता धरा. नेलमंगल–होसूर 67, त्या दिवशी एवढंच.

होसूर–धर्मपुरी 98. धर्मपुरी–नामक्कल 117, सेलमवरून. इथे धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूर घाट लागतो, आपल्या दिशेने लांब उतार. ट्रकचे ब्रेक निकामी होऊन अपघात होण्यासाठी ही जागा कुप्रसिद्ध आहे. सकाळी लवकर उतरा, मागून येणाऱ्या ट्रकांच्या दोन झुंडींमधली फट बघून सुटा, दोन्ही ब्रेक सलग दाबून न ठेवता आलटून-पालटून सोडत-दाबत या, म्हणजे रिम तापत नाही. आणि मोबाइलवर उतरणीचा व्हिडिओ काढायची जागा ही नव्हे.

नामक्कल–दिंडिगल 122, करूरवरून. सगळ्यात लांब दिवस, सपाट आणि कंटाळवाणा. म्हणून दुसऱ्या दिवशी दिंडिगल–मदुराई फक्त 65, दुपारी मीनाक्षी मंदिर. मदुराई–कोविलपट्टी 100, कोविलपट्टी–तिरुनेलवेली 55, तिरुनेलवेली–कन्याकुमारी 85. शेवटच्या दिवशी वळ्ळियूर, पणगुडी, कावलकिणरू या पट्ट्यात पवनचक्क्या दिसू लागतात. हिवाळ्यातही बाजूने झोत येऊ शकतो, तेव्हा हँडल दोन्ही हातांनी धरा आणि कडेपासून हातभर आत राहा.

सतरा दिवस सायकल, एक दिवस सुट्टी. वर दोन दिवस राखीव ठेवा. ते वापरले नाहीत तर शेवटी समुद्र आहेच.

दिवस कसा घालवायचा

जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सहाला निघालात तर पाऊण तास तरी अंधुक उजेडात चालवावं लागतं. साडेसहाला निघा, मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा. अकरापर्यंत दिवसाचं साठ टक्के अंतर झालं पाहिजे, तीनपर्यंत मुक्काम. बंगळूर ओलांडायची पहाट सोडली तर अंधारात हायवेवर चालवायचं नाही, हा नियम गटात आधीच ठरवा, कारण मुक्काम वीस किलोमीटरवर राहिला आणि साडेपाच वाजले की सगळे ‘होऊन जाईल’ म्हणायला लागतात.

पाणी तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. तासाला अर्धा ते पाऊण लिटर. 750 मिलीच्या दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. घरगुती करायचं तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर 45 मिनिटांनी काहीतरी तोंडात: केळं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो, पाय रिकामे होतात आणि डोकं चिडचिडं. निघताना मिसळ नको. कितीही कोल्हापूर असलं तरी संध्याकाळी खा. कर्नाटकात इडली आणि खारा बाथ (तिखट उपमा), तामिळनाडूत सकाळी पोंगल (मूगडाळीची मऊ खिचडी) आणि दुपारी दहीभात, तोही मीठ जास्त घालून. उघड्यावरचा चिरलेला कलिंगडाचा काप मोहाचा असतो आणि दुसऱ्या दिवशीचा मुक्काम हलवतो.

मुक्कामी दहा मिनिटं सायकलला द्या: चेन कोरड्या फडक्याने पुसून दर 200-250 किलोमीटरला तेल, टायरवर बोट न लावता नजर, ब्रेक दाबून बघणं, कॅरिअरचे स्क्रू आवळणं. कॅरिअरचा स्क्रू सैल होऊन पडणं हा हमखास होणारा घोळ आहे आणि एका मिनिटाच्या आवळण्याने टळतो.

लॉज हायवेलगतचे किंवा बसस्टँडजवळचे साधे असतात, सहाशे ते बाराशेत दोघांची खोली. आधारकार्ड किंवा दुसरं फोटोचं ओळखपत्र, मूळ प्रत, जवळ हवं. पैसे देण्याआधी सायकल खोलीत किंवा कुलूपबंद जागी ठेवू देतील का ते विचारा, नंतर घासाघीस होते. शहर ओलांडून पलीकडच्या टोकाला उतरलात तर सकाळची गर्दी चुकते. फक्त मुलींचा गट असेल तर आदल्या दिवशीच फोन करून खोली पक्की करा. चारनंतर नव्या गावात लॉज शोधत फिरण्याची वेळ येऊ नये. स्वच्छतागृहासाठी मोठे पेट्रोल पंप ठीक असतात. ते टाळण्यासाठी पाणी कमी पिणं ही चूक मुलींकडून वारंवार होते आणि उन्हात ती महागात पडते.

रस्त्यावर

सगळ्यात धोक्याची जागा घाट नसून उड्डाणपुलाचा फाटा. आपण डाव्या कडेने सरळ चाललेलो असतो, डावीकडे सर्व्हिस रोड फुटतो, आणि मागून ऐंशीने येणारी गाडी आपल्याला कापून डावीकडे वळते. फाटा जवळ आला की वेग कमी करा, मान वळवून मागे बघा, हात दाखवा, आणि फट नसेल तर चक्क थांबा. गावातून जाणारा सर्व्हिस रोड चांगला असेल तर तोच धरा. हँडलला छोटा आरसा लावला तर मान वाचते.

दुसरी गोष्ट, डाव्या कडेने उलटी येणारी मोटरसायकल. तिला चुकवायला न बघता उजवीकडे, हायवेच्या आत जाऊ नका. डावीकडेच थांबा आणि तिला तुमच्या उजव्या बाजूने जाऊ द्या. कंटेनर जवळून गेला की आधी ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं होतं. हँडल घट्ट न आवळता सरळ धरून ठेवा. पुलांवरचे लोखंडी सांधे काटकोनात ओलांडा.

गट तीन ते पाच जणांचा. वेग सगळ्यात हळू माणसाचा, आणि ठरलेल्या फाट्यावर थांबल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. गट फुटतो आणि किट पुढच्याकडे, पंक्चर मागच्याचं, हे नेहमीचं आहे. म्हणून प्रत्येकाकडे स्वतःची एक ट्यूब आणि पंप हवाच. मोबाइलमध्ये 112 आणि महामार्गाचा 1033 हे दोन नंबर साठवा. घरच्यांना टप्प्यांचा कागद देऊन ठेवा आणि दिवसातून दोनदा, दुपारी आणि मुक्कामी, निरोप द्या. अखंड लाइव्ह लोकेशनने बॅटरी जाते आणि रेंज गेली की घरी घबराट. तामिळनाडूच्या गावांत हिंदी फारशी चालत नाही, साधं इंग्रजी आणि हातवारे चालतात. ‘पंक्चर कडै एंगे?’ (पंक्चरचं दुकान कुठे?) एवढं पाठ असलं तरी माणसं थेट दुकानापर्यंत आणून सोडतात.

कधी थांबायचं

थकवा, मांड्या भरणं, पाठ अवघडणं यात चालवता येतं. दर पायडलला वाढत जाणारी गुडघ्याची कळ, ताप, गडद चहाच्या रंगाची लघवी, उन्हात घाम थांबणं, छातीत दुखणं, पडल्यावर डोकं आपटणं: यांत चालवायचं नाही. पहिल्या दोन लक्षणांना निदान एक दिवस सुट्टी आणि गरज वाटली तर दवाखाना, बाकीच्यांना थेट दवाखाना. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊन पुढे रेटू नका, मूत्रपिंडावर येतं. पुळी फुगून गरम लागत असेल तर ती फोडायची नाही. एक दिवस बसणंच बंद.

खर्च आणि परतीचा प्रवास

दोघांत खोली वाटून दिवसाला हजार ते दीड हजार पुरतात. निघण्याआधीची सर्व्हिसिंग, ट्यूबा-पॅड आणि परतीचं तिकीट वेगळं. पाच हजार बाजूला, ते फक्त अडचणीसाठी.

कन्याकुमारीहून पुण्याला थेट रेल्वे आहे, केरळमार्गे, दीड दिवसाहून थोडी जास्त लागते. तिकीट आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढा, राखीव दोन दिवस धरून पुढची तारीख. सायकल आपल्याच तिकिटावर ‘लगेज’ म्हणून ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, टाकता येते. ‘पार्सल’ म्हणून टाकली तर ती नंतरच्या गाडीने येण्याची शक्यता असते. गाडी तिथूनच सुटत असल्याने चढवायला वेळ मिळतो, तरी तीन तास आधी पार्सल ऑफिसला पोहोचा, तिकीट आणि ओळखपत्राच्या झेरॉक्ससह. दिवे, मीटर, पंप, बाटल्या काढून घ्या. पायडल आत वळवून लावा, हँडल आडवं करा, गिअरच्या बाजूला जाड पुठ्ठा बांधा, चौकटीला बबल रॅप. नाव, फोन, कुठून-कुठे आणि गाडी क्रमांक ठळक लिहून दोन ठिकाणी चिकटवा, एक फाटतंच. गाडीत चढण्याआधी सायकल डब्यात गेल्याचं डोळ्यांनी बघा. पावती पाकिटात ठेवा, जर्सीच्या खिशात नको. पुण्यात तिच्याशिवाय सायकल हातात पडत नाही.